माईकला मेंदू नसतो

स्वस्तातला कॉलर माईक लावून केलेला व्हिडिओ कित्येकदा महागड्या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माईकपेक्षा भारी ऐकू येतो, आणि त्याचं कारण मुख्यतः अंतर. तोंडापासून माईकचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. म्हणजे १ फुटावरचा माईक ८ फुटांवर कॅमेऱ्यावर नेला तर १८ डेसिबल गेले. पण भिंती, फरशी, छतावर आपटून येणारा आवाज खोलीभर जवळपास तेवढाच राहतो, तो काय कमी होत नाही, मग एडिटमध्ये आवाज वाढवला की घुमणंपण वाढतं, पंखापण वाढतो आणि माणूस बाथरूममध्ये बसून बोलतोय असं वाटायला लागतं.

आता गंमत अशी की त्याच खोलीत त्याच ८ फुटांवर तुम्ही स्वतः बसलात तर हे काहीच जाणवत नाही. कारण आपल्याला दोन कान आहेत आणि मधे मेंदू. थेट आवाजाच्या पाठोपाठ काही मिलिसेकंदांत आलेले पडसाद मेंदू वेगळे ऐकूच देत नाही, आणि गर्दीत कोणाचं ऐकायचं हेही तोच निवडतो (संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये यावर प्रयोग केले होते). एकटा माईक मात्र जे येईल ते सगळं सरसकट घेतो. म्हणून तर सेटवर एक जण लांब काठीला माईक लावून, फ्रेममध्ये दिसणार नाही इतपत, नटाच्या डोक्यावर हात भरून येईपर्यंत धरून उभा असतो. १९३१ साली मुंबईत पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' झाला तेव्हा स्टुडिओजवळून रेल्वे जायची, मग गाड्या बंद झाल्यावर रात्रीचं शूटिंग. पुढे आपल्याकडे डबिंगचीच सवय लागली, 'लगान'ने २००१ मध्ये सेटवरच आवाज घेतला तेव्हा त्याची केवढी चर्चा!

आवाज आणि चित्र जुळवण्यातही मेंदूचे लाड आहेतच. २४ फ्रेमच्या सिनेमात एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची, तेवढ्यात आवाज हवेतून १४ मीटर जातो. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लोकांना खटकायला लागतं, पण उशिरा आला तर १२५ पर्यंत चालतं. मला तरी यात नवल वाटत नाही, मैदानात लांबून मॅच बघताना बॅटचा आवाज नेहमी नंतरच येतो ना, आधी कधी ऐकलाय?

आणि मिक्सिंग, म्हणजे संवाद, संगीत वगैरे एकत्र बसवणं, हे नुसतं आवाज कमी-जास्त करणं असं बऱ्याच जणांना वाटतं. बोलण्यातला जोर स्वरांत असतो, पण शब्द कळतो तो स, त, क, च असल्या व्यंजनांमुळे, आणि त्यांचा बराचसा भाग २ हजार हर्ट्झच्या वर. नेमकं तिथेच व्हायोलिन, झांजा वगैरे येऊन बसले की संवाद बुडालाच, मग कितीही व्हॉल्यूम वाढवा. अशा वेळी मिक्स करणारे अख्खं संगीत दाबत नाहीत, इक्वलायझरने तेवढाच पट्टा थोडा खाली घेतात, तेही माणूस बोलतोय तेवढ्यापुरतं, आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. मग मोठे स्पीकर बंद करून एखाद्या साध्या छोट्या स्पीकरवर किंवा सरळ फोनवर एकदा लावून बघतात, आणि तिथे 'सात' का 'हात' असा घोळ झाला तर परत बसतात.