कडाक्याच्या थंडीत इपॉक्सीची जमीन का सुटते?

उंच डोंगराळ भागातल्या एखाद्या गॅरेजमध्ये काही हिवाळे काढलेल्या इपॉक्सीचा, म्हणजे काँक्रीटच्या जमिनीवर देतात त्या टणक, चकचकीत लेपाचा, पोपडा निघाला, तर फेकून देण्याआधी तो उलटा करून पाहावा. वरच्या बाजूला चकाकी बहुधा शाबूत असते, ओरखडेही फारसे नसतात. खालच्या बाजूला मात्र अनेकदा राखाडी रंगाची पातळ साल चिकटलेली दिसते. ती काँक्रीटची साल असते. इपॉक्सीने पकड सोडलेली नसते, तिच्याखालचं काँक्रीटच फाटलेलं असतं. साल नसेल आणि खालची बाजू स्वच्छ, गुळगुळीत असेल, तर लेप मुळात नीट चिकटलाच नव्हता असं समजावं.

थंड प्रदेशासाठी जमिनीचा लेप निवडताना बहुतेक जण आधी विचारतात, ‘हा किती कठीण आहे?’ माझ्या मते सुरुवात इथेच चुकते. अशा हवामानात लेप झिजून संपण्याआधी सुटून येतो. म्हणून पाहायचं ते हे, की तापमानाच्या चढउतारात, ओलाव्यात आणि बर्फात तो काँक्रीटला धरून राहील का.

आकुंचनाचं गणित आधी पाहू. तापमान एका अंशाने उतरलं की काँक्रीट दर मीटरला साधारण 10 मायक्रोमीटरने आकसतं. नुसती इपॉक्सी, म्हणजे वाळू किंवा भुकटी न मिसळलेली, त्याच्या पाच-सहा पट आकसते. समजा, जमीन 10 मीटर लांब आहे आणि तापमान 25 अंश सेल्सियसवरून उणे 15 वर गेलं. या 40 अंशांत काँक्रीट 4 मिलिमीटर आकसेल. मोकळी सोडलेली इपॉक्सी 20 मिलिमीटरहून जास्त आकसली असती. पण ती मोकळी नाही, काँक्रीटला घट्ट चिकटलेली आहे. त्यामुळे हा सगळा फरक तिच्या अंगात ताण म्हणून साठतो आणि कडांशी, सांध्यांशी, जुन्या भेगांशी एकवटतो. ताण सोसण्याची इपॉक्सीची ताकद काँक्रीटच्या कित्येक पट असते. मग जे दुबळं ते आधी तुटतं, आणि काँक्रीटचा वरचा थर उचलला जातो. लेप जितका जाड, तितकी ही ओढही मोठी. म्हणूनच नुसत्या इपॉक्सीचा जाड थर दिला की जमीन जास्त टिकेल, हा समज थंडीत उलटतो.

गारगोटीची वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, इथे कामाला येते. तिची ओळख घसरण रोखणारी म्हणून आहे. मोहज् मापनश्रेणीवर तिचा कठीणपणा 7, त्यामुळे ती झिजायलाही चिवट. पण थंड प्रदेशात तिचा सगळ्यात मोलाचा गुण कमी बोलला जातो: तापमानाबरोबर ती जवळपास काँक्रीटइतकीच हलते. लेपात ती ठासून भरली की पूर्ण थराचं आकसणं काँक्रीटच्या बरंच जवळ येतं आणि दोघांमधली ओढाताण कमी होते. मग लेप 2-3 मिलिमीटर जाड असला तरी चालतो.

मात्र त्यासाठी वाळू खरोखर ठासून भरावी लागते. ओल्या इपॉक्सीवर वाळू उधळली की पहिले दाणे बुडतात आणि ओलसर, गडद दिसू लागतात. त्यावर पुन्हा वाळू टाकायची. तीही बुडाली की पुन्हा. सगळा पृष्ठभाग कोरड्या वाळूसारखा दिसू लागला, कुठेही ओला डाग उरला नाही, की थांबायचं. इपॉक्सी घट्ट झाल्यावर सुटी वाळू झाडून काढतात, व्हॅक्यूम फिरवतात, हेच सगळं दुसऱ्यांदा करतात आणि मग वरचा पारदर्शक थर देतात. मूठ-मूठ वाळू भुरभुरून ‘क्वार्ट्झ फ्लोअर’ म्हणून दिलेली जमीन दिसायला तशीच असते. तिच्यावर पाय घसरणार नाही, पण आकुंचनाचा प्रश्न जसाच्या तसा राहतो. दोन कंत्राटदारांच्या दरात मोठा फरक दिसला, तर वाळू किती थरांत आणि किती किलो पडणार आहे, हे आधी विचारावं.

आता रसायनाकडे वळू. इपॉक्सी हवेने वाळत नाही, रेझिन आणि हार्डनर हे तिचे दोन द्रव भाग एकत्र मिसळले की अभिक्रियेने ती घट्ट होते. रेझिनच्या रेणूंच्या टोकांना एक ऑक्सिजन आणि दोन कार्बन अणूंचं छोटं त्रिकोणी कडं असतं. त्यातले बंध जेमतेम 60 अंशांच्या कोनात वाकवलेले असल्यामुळे ते कडं सुटायला टपलेलंच असतं. हार्डनरमधल्या अमाइनचा स्पर्श झाला की ते उघडतं, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचं जाळं विणलं जातं. ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी उतरलं की अभिक्रियेचा वेग निम्म्यावर येतो. नेहमीच्या बहुतेक इपॉक्सी 10 अंशांखाली लावू नयेत असं उत्पादक सांगतात ते यामुळे. थंडीसाठी बनवलेल्या खास हार्डनरसह काही 5 अंशांपर्यंत चालतात. इथे मोजायचं ते जमिनीचं तापमान. हीटर लावून खोलीतली हवा तासाभरात उबदार होते, पण स्लॅबमध्ये रात्रभर मुरलेली थंडी इतक्या लवकर जात नाही.

वेग मंदावला तर थोडं थांबू, असं वाटणं साहजिक आहे. पण फक्त थांबून भागत नाही. जाळं विणलं जाता जाता रेणूंची हालचाल अवघड होत जाते आणि एका टप्प्यावर सगळा पदार्थ काचेसारखा गोठतो. थंडीत हा टप्पा लवकर, जाळं अर्धवट असतानाच येतो. बोट लावलं तर जमीन कोरडी, टणक लागते, पण आत कितीतरी टोकं न जोडलेली राहिलेली असतात. असा लेप ठिसूळ असतो आणि मीठ, तेल यांच्यापुढे टिकत नाही. पुढे पुरेशी ऊब मिळाली तर उरलेली अभिक्रिया पुन्हा चालू होते, पण त्याआधीच त्यावर गाडी उभी राहिली तर नुकसान होऊन जातं. घाई म्हणून हार्डनर जास्त घालणं तर फार वाईट. अमाइनच्या प्रत्येक हायड्रोजनला रेझिनचं एकच कडं लागतं, त्यामुळे जास्तीचा हार्डनर जोडीदार न मिळता तसाच राहतो आणि जमीन कायमची मऊ, चिकट होते.

थंडीत साठवलेलं रेझिन कधी मध थिजावा तसं गढूळ, रवाळ होतं. ते खराब झालेलं नसतं. डबा गरम पाण्यात ठेवून सगळे कण विरघळवावेत आणि मगच ते मिसळावं. कण राहिले तर मोजमाप बरोबर असूनही मिश्रणाचं प्रमाण बिघडतं.

आणखी एक बारीक पण हमखास फसवणारी गोष्ट. थंड, दमट हवेत न जोडलेला अमाइन पृष्ठभागावर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी आणि बाष्पाशी संयोग पावतो आणि मेणचट, पांढुरका थर तयार होतो. त्यावर पुढचा हात दिला की तो नंतर सोलून निघतो. धुराडं नसलेला केरोसीनचा किंवा गॅसचा हीटर कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प दोन्ही खोलीतच सोडतो, म्हणजे हा थर तयार व्हायला लागणारं सगळं आयतंच पुरवतो. अशा कामाला विजेचा हीटरच बरा. पांढुरका थर आलाच, तर कोमट पाण्याने घासून धुवावा, जमीन पूर्ण वाळू द्यावी आणि मगच पुढचं काम करावं.

कामाची वेळ निवडणंही डोंगरात सोपं नसतं. सकाळी स्लॅब तापू लागला की त्याच्या छिद्रांतली हवा प्रसरण पावते आणि ओल्या लेपातून बुडबुडे काढत वर येते. मागे टाचणीच्या टोकाएवढी भोकं उरतात आणि पुढे त्यांतूनच पाणी शिरतं. म्हणून तापमान उतरत असताना, दुपारनंतर लेप लावणं चांगलं. पण तेव्हा दुसरी भीती असते: जमीन दवबिंदूजवळ, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्या तापमानाजवळ, पोहोचते आणि डोळ्यांना न दिसणारा ओलावा तिच्यावर धरतो. सर्वमान्य नियम असा, की जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंशांनी जास्त हवं, लावताना आणि लेप घट्ट होईपर्यंतही. आर्द्रतामापक आणि पृष्ठभागाचा तापमापक जवळ नसेल, तर हे काम अंदाजाने करू नये.

मग उरतं पाणी. गोठताना ते सुमारे 9 टक्के फुगतं. सतत उणे 20 अंश असलेल्या जागेपेक्षा, दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं जिथे रोज चालतं ती जागा काँक्रीटला जास्त घातक, आणि डोंगरातल्या कित्येक ठिकाणी हिवाळ्याच्या दोन्ही टोकांना नेमकं हेच घडतं. काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे ठेवले तर फुगणाऱ्या पाण्याला जागा मिळते, हे 1930 च्या दशकात लक्षात आलं. तेव्हापासून थंड प्रदेशात ही रीत रुळली. पण जमिनीखालून ओल चढत असेल आणि वर वाफ न सोडणारा लेप असेल, तर पाणी लेपाखालीच साचतं. तिथे ते गोठलं की फोड येतात, साल निघते. रस्त्यावर टाकलेलं मीठ गाड्यांच्या चाकांबरोबर आत येतं. मीठ ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे काँक्रीट अधिक काळ भिजलेलं राहतं.

त्यामुळे थेट मातीवर टाकलेल्या उघड्या अंगणाला किंवा गाडीच्या रस्त्याला इपॉक्सी लावू नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे सायलेनसारखं आत मुरणारं द्रावण लावावं. ते छिद्रांच्या भिंतींना पाणी चिकटू देत नाही, पण वाफेला वाट मोकळी ठेवतं.

छपराखालच्या जागेला इपॉक्सी-क्वार्ट्झ उत्तम, पण पृष्ठभाग घासून किंवा शॉट ब्लास्टिंगने, म्हणजे पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करून, खरखरीत केल्यावरच. वरची दुधाळ, भुसभुशीत सिमेंटची साय निघालीच पाहिजे, नाहीतर सगळा ताण त्या सायीवर येतो. स्लॅबचे हालचालीचे सांधे लेपाखाली बुजवून टाकू नयेत. ते लेपातही कापून घ्यावेत आणि लवचीक सीलंटने भरावेत. ऊन येत असेल तर वरचा थर ॲलिफॅटिक पॉलियुरेथेन किंवा पॉलिअस्पार्टिक या उन्हात सहसा पिवळ्या न पडणाऱ्या लेपांचा असावा. दर 1000 मीटर उंचीला अतिनील किरणं सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात, ताजा बर्फ ती मोठ्या प्रमाणात परावर्तित करतो, आणि इपॉक्सी त्यांनी पिवळी पडून भुकटी सोडू लागते.

काम हिवाळ्यातच उरकायचं असेल आणि जागा गरम करता येत नसेल, तर मिथाइल मेथाक्रिलेट या वेगळ्या रेझिनचा लेप शून्याखालीही तासा-दोन तासांत घट्ट होतो. त्याचा वास अतिशय उग्र असतो आणि त्याची वाफ पेट घेते, म्हणून हवा खेळती ठेवणं आणि ठिणगी टाळणं अनिवार्य. आणि टायरना खिळे लावलेल्या गाड्या आत येणार असतील, तर त्या खिळ्यांचं टंगस्टन कार्बाइड गारगोटीपेक्षाही कठीण असतं. चाकं जिथून जातात त्या दोन पट्ट्यांवर जाड रबरी मॅट घालावी, वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहून जाईल असा उतार द्यावा, आणि मॅट अधूनमधून उचलून खालचं मीठ धुऊन काढावं.