उसळी दोघांची, गाठ सुंभाची

आमच्या आजोळी, वेंगुर्ले तालुक्यात, घर आणि बागायत यांच्या मधून व्हाळ वाहतो. त्यावर पूर्वी पोफळीच्या खोडांचा साकव होता. पावसाळ्यात आम्ही मुलं त्यावरून पळायला लागलो की पलीकडून आजी ओरडायची, "एका पावलान चलू नकात रे, साकव मोडतलो!" आम्ही मुद्दाम तेच करायचो. दोघांनी एकदम पाय टाकला की खोडं खाली जायची, वर यायची, आणि चौथ्या-पाचव्या पावलाला पोटात गोळा यायचा. एकट्याने कितीही नाचलं तरी ती मजा येत नसे.

आजीची भीती खरी होती, हे मला पुढे फिजिक्स शिकताना कळलं. १२ एप्रिल १८३१ रोजी मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन झुलत्या पुलावरून सैनिकांची एक तुकडी चालली होती. पूल आपल्या पावलांबरोबर हलतोय हे ध्यानात आल्यावर त्यांना गंमत वाटली, काहींनी शीळ घालायला सुरुवात केली, आणि सगळे मुद्दाम त्याच ठेक्यात पाय टाकू लागले. एक बोल्ट तुटला, पूल एका बाजूने खाली आला आणि चाळीसेक जण नदीत पडले. कोणी दगावलं नाही. तो बोल्ट आधीपासूनच कच्चा होता असं नंतर आढळलं. पण तेव्हापासून पुलावर पावलं मोडून चालायची, हा नियम ब्रिटिश सैन्यात रूढ झाला. आजीने ब्रॉटनचं नावही ऐकलं नव्हतं. तिने साकव पाहिले होते.

हे सगळं गेल्या मे महिन्यात पुन्हा डोक्यात आलं, त्याला कारण एक अपघात. एका जत्रेत माझी भाची ट्रॅम्पोलिनवर उड्या मारत होती. शेजारी एक थोराड मुलगा उतरला आणि त्याच क्षणी ही वर फेकली गेली. हात मुरगळला, तेवढ्यावर निभावलं. हिशेब साधा आहे. ६० किलोचा माणूस ३० सेंटिमीटरवरून जाळीवर पडला, आणि ताणलेल्या जाळीतली सगळी ऊर्जा २० किलोच्या मुलाच्या वाट्याला आली, तर ते मूल ९० सेंटिमीटर वर जाईल. वजन तिप्पट कमी, म्हणून उंची तिप्पट. प्रत्यक्षात सगळी ऊर्जा एकाकडे जात नाही, पण निम्मी गेली तरी पुरे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नोंदवलं आहे की ट्रॅम्पोलिनवरच्या सुमारे तीन-चतुर्थांश दुखापती एकाहून जास्त जण उड्या मारत असताना होतात, आणि त्यात सगळ्यांत लहान मुलाला धोका सर्वांत जास्त.

म्हणून ठरवलं, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, दोघांसाठी उसळणारं खेळणं आपणच करायचं. भाची दहा वर्षांची, वजन ३० किलो. तिचा मावसभाऊ सात वर्षांचा, २० किलो. अट एकच: दोघांना एकमेकांची उसळी कळली पाहिजे, पण कोणी कोणाला फेकता कामा नये.

पहिला विचार अर्थातच साकवाचा. दोन टोकांना दोन चिरे, त्यावर फळी, फळीवर दोघं. इथे एक अडचण आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. दोन टोकांवर टेकलेली फळी मुख्यतः दोन प्रकारे लवते. एकात सगळी फळी मधोमध पोट काढते. दुसऱ्यात ती नागमोडी होते, एक बाजू खाली आणि दुसरी वर. दोघं फळीचे तीन समान भाग करून त्या खुणांवर बसले, तर नागमोडी लवायला फळी पंधरापट ताठ असते. त्यामुळे त्या प्रकारची उसळी जवळजवळ चौपट वेगाने व्हावी लागते. तेवढा वेग कोणत्याच मुलाच्या पायात नसतो. साकवाला फक्त एकत्र उसळणं येतं, ते यामुळे. दोघं बसली तरी फळीच्या लेखी ते एकच जड माणूस.

दुसरं टोक म्हणजे बागेतला सीसॉ. तिथे फळी मधल्या आधारावर मोकळी फिरते. एक खाली तर दुसरा वर, बस्स. फळी स्वतः काही परत देत नाही, उसळी पायांनीच मारावी लागते, आणि वजनं वेगळी असतील तर हलकं मूल हवेत लटकून राहतं.

मला हवं होतं ते या दोघांच्या मधलं. १६६५ साली क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाला बरं नव्हतं म्हणून तो खोलीतच पडून होता. समोर त्याने स्वतः बनवलेली दोन लंबकाची घड्याळं एकाच आधाराला टांगलेली होती. त्याच्या लक्षात आलं की दोन्ही लंबक नेमके उलट दिशांना, अगदी एका तालात हलतायत. त्याने मुद्दाम ताल बिघडवला, तरी अर्ध्या तासात ते पुन्हा जुळले. दुवा होता तो लाकडी आधार, डोळ्यांना न दिसण्याइतका हलणारा. आपल्याकडे ओटीवर एकाच आढ्याला दोन झोपाळे असले की असंच काहीसं घडतं. एक हलवला की थोड्या वेळाने दुसराही आपसूक हलायला लागतो.

तर दोन मुलांना दोन वेगळ्या स्प्रिंगा द्यायच्या आणि त्यांच्यामध्ये एक मऊ दुवा ठेवायचा. दुवा ताठ झाला तर दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. फार सैल झाला तर उरतो सीसॉ. सगळी कला त्या दुव्यात आहे, आणि यासाठी सुंभासारखी, म्हणजे काथ्याच्या दोरीसारखी, वस्तू नाही, असं माझं मत झालं आहे.

आमच्या गावातले मेस्त्री माणग्याची कामं करतात. माणगा म्हणजे सिंधुदुर्गात गडग्याकडेला लावतात तो बांबू. काटे नाहीत आणि काठी जवळजवळ भरीव. तीन वर्षांच्या जुन्या, चार सेंटिमीटर जाडीच्या चार काठ्या त्यांनी बांबूच्या बेटातून निवडून तोडल्या आणि थेट व्हाळात नेऊन दगडाखाली दाबल्या. वाहत्या पाण्यात बांबूतली साखर आणि पिष्ट विरघळून जातं, मग पोखरणाऱ्या भुंग्याला खायला काही उरत नाही. स्टीलची स्प्रिंग मी सुचवून पाहिली होती. त्यांनी खिडकीच्या गजाकडे बोट दाखवलं. समुद्रापासून एवढ्या जवळ, खाऱ्या वाऱ्यात, लोखंडाचं काय होतं हे तिथेच दिसत होतं.

चारही काठ्या सुकल्यावर मेस्त्रींनी त्या शेजारी शेजारी मांडल्या, पण एकीचा बुडखा डावीकडे तर दुसरीचा उजवीकडे. मी विचारलं तर म्हणाले, "बुडाक ताठ, शेंड्याक लवता. दोनय बाजू सारखे होवक होये ना?" बांबू बुंध्याकडून शेंड्याकडे निमुळता होतो, आणि गोल काठीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. जाडी एक-दशांशाने घटली तर ताठपणा एक-तृतीयांशाहून जास्त घटतो. सालही त्यांनी तासू दिली नाही. बांबूचे चिवट धागे सालीलगत सगळ्यांत दाट असतात, आणि वाकताना सगळ्यांत जास्त ताण तिथेच येतो. खिळा एकही मारला नाही, कारण त्याने बांबू उभा फुटतो.

मधोमध माडाचा ओंडका जमिनीत पुरला, त्यावर काठ्यांची ही फळी ठेवली आणि सुंभाने बांधायला घेतलं.

सुंभाचा एक धागा सोडवून बोटांनी हळूच ओढून बघा. तो ताणतो, आणि सोडला की बराचसा परत येतो. तागाचा धागा तुटण्यापूर्वी जेमतेम दीड-दोन टक्के लांबतो. काथ्याचा त्याच्या दसपट आणि कधी त्याहूनही जास्त. कारण धाग्याच्या आत आहे. वनस्पतीच्या धाग्यात सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू पेशीभोवती गुंडाळलेले असतात. तागात ते जवळजवळ सरळ, धाग्याच्या लांबीला धरून चालतात. काथ्यात ते सुमारे ४५ अंशांत तिरपे, मळसूत्रासारखे फिरतात. म्हणजे नारळाच्या सोडणातला एकेक धागा ही एक बारीक स्प्रिंगच आहे. शिवाय त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ, भरपूर. म्हणून महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात कुजत घातलेल्या सोडणाचा मऊ भाग सुटून जातो आणि काथ्या टिकतो. आणखी एक गुण आहे. धागे एकमेकांवर घासतात तेव्हा थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, त्यामुळे उसळी बेफाम वाढत नाही.

आता लांबी ठरवायची होती. मुलं बसतात तिथे फळी किती दबते, ही एकच गोष्ट मोजली की जवळजवळ सगळं कळतं. दबण्याचे सेंटिमीटर घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि ५० ला त्याने भागा. दहा सेकंदांत किती उसळ्या होतील ते मिळतं. ४ सेंटिमीटर दबली तर २५, म्हणजे नुसती थरथर. २५ सेंटिमीटर दबली तर १०, म्हणजे गलबतावर बसल्यासारखं. ९ सेंटिमीटरला १७ च्या आसपास येतात, आणि हा ठेका मुलांच्या पायांना बरोबर जमतो. मुलाचं वजन वेगळं धरावं लागत नाही, कारण जड मूल जास्त दाबतं, ते दबण्यातच मोजलं गेलं.

याच मापातून सुरक्षेचं उत्तरही मिळतं. मूल स्थिर बसल्यावर फळी ९ सेंटिमीटर दबत असेल, तर त्या जागेपासून वर-खाली ९ सेंटिमीटरपर्यंतच्या उसळीत बूड फळीला टेकलेलं राहतं. त्यापलीकडे गेलं की वरच्या टोकाला फळी मुलापेक्षा जोरात खाली येऊ लागते आणि मूल सुटतं. म्हणून दोन्ही टोकांखाली जुने टायर अर्धे पुरले, फळी तेवढीच खाली जाईल अशा बेताने. धरायला आडव्या काठ्या बांधल्या. मोठ्यांनी बसायचं नाही, हेही ठरवून टाकलं. दोन मोठी माणसं जोरात उसळली तर माणगा मोडण्याच्या जवळ पोचतो.

राहिला वजनांचा प्रश्न. दोघांची उसळी एकाच ठेक्याची हवी, नाहीतर दुवा असूनही देवाणघेवाण अर्धीमुर्धी होते. मध्ये आवळलेल्या काठीचं दबणं लांबीच्या तिसऱ्या घाताने वाढतं. त्यामुळे हलका भाऊ ओंडक्यापासून २०३ सेंटिमीटरवर बसला, तर दीडपट वजनाच्या बहिणीने १७७ सेंटिमीटरवर बसायचं, फक्त वीतभर आत. सीसॉवर तिला १३५ सेंटिमीटरवर, बरंच आत यावं लागलं असतं. आमच्या खेळण्यात दोघांना जवळजवळ सारखी जागा मिळाली, उरलेला तोल सुंभाने सांभाळला. मुलांच्या दृष्टीने हा न्याय मोठा होता.

पहिल्या दिवशी मेस्त्रींनी सुंभ करकचून आवळला. दोघं आपापल्या टोकाला स्वतंत्र उसळत राहिली, कंटाळली. दोन वेढे सोडले तर फळी कलंडायला लागली. मग एक वेढा परत घातला.

भाचीला पाय टेकवून उसळायला सांगितलं, भावाला पाय उचलून नुसतं बसायला. पहिल्या दोन-तीन उसळ्यांत त्याला काही जाणवलं नाही. मग त्याचं टोक किंचित हललं. तिने पाय उचलून घेतले. तिची उसळी विरत गेली, त्याची वाढत गेली, आणि आठव्या उसळीच्या सुमारास ती जवळजवळ स्थिर होती आणि तो खदखदून हसत वर-खाली होत होता. "माझी गेली!" ती ओरडली. मग हळूहळू ती परत आली. ट्रॅम्पोलिनवर जी ऊर्जा एका झटक्यात मिळाली होती, तीच इथे पाच सेकंदांत, आठ हप्त्यांत मिळत होती.

पण गमतीची गोष्ट त्यांनी स्वतः शोधली, संध्याकाळी, मी चहा घेत असताना. दोघांनी एकदम सुरुवात केली तर उसळी कुठेच जात नाही, दोघांकडे तशीच राहते. एक वर असताना दुसऱ्याने खाली, असं बरोबर उलट सुरू केलं तरीही जात नाही. मात्र दुसऱ्या प्रकारात ठेका थोडा संथ वाटतो, असं भाचीचं म्हणणं होतं. मी मोबाइलवर दहा सेकंद लावले आणि तिला मोजायला सांगितलं. एकत्र: १७. उलट: १६. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच.

फरक दहा सेकंदांत एका उसळीचा. आणि एकाकडून निघालेली उसळी दुसऱ्याकडे जाऊन परत यायला लागतात तेही दहाच सेकंद. दोन्ही ठेके एका वेळी निघाले की पाच सेकंदांनी एकमेकांच्या अर्ध्या उसळीने मागेपुढे होतात, तेव्हा उसळी पलीकडे असते. दहाव्या सेकंदाला पुन्हा जुळतात, तेव्हा ती घरी आलेली असते. मी हे अंगणातल्या मातीत काडीने रेघा ओढून दाखवलं. भाचीने रेघा बघितल्या, ओंडक्यापाशी जाऊन सुंभाच्या वेढ्यावर हात ठेवला आणि विचारलं, अजून अर्धा वेढा सोडला तर किती सेकंद होतील.