वापसा हाताला कळतो

काचेचे दोन ग्लास पाण्यानं भरा. एकात वर्षानुवर्षं नांगरलेल्या, उघड्या पडलेल्या जमिनीतलं सुकं ढेकूळ अलगद सोडा. दुसऱ्यात कुंपणालगतचं ढेकूळ सोडा, जिथे नांगर कधी पोचला नाही आणि गवताची मुळं कुणी उपसली नाहीत. दोन्ही ढेकळं एकाच शेतातली, मध्ये अंतर फार तर दहा पावलांचं. पहिलं पाण्यात पडताच फसफसतं, बुडबुडे सोडतं आणि बघता बघता त्याचा गाळ होऊन तळाशी बसतो. दुसरं एखाददुसरा बुडबुडा सोडून तसंच बसून राहतं. तासाभरानंही त्याच्या भोवतीचं पाणी जवळजवळ नितळ असतं.

खालावलेली जमीन पुन्हा जिवंत करण्यासाठी जिथे कुठे स्वयंसेवक जमतात, तिथे कुदळ-फावडं वाटण्याआधी हा प्रयोग करून दाखवावा, असं माझं मत आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, आणि आपण नेमकं काय दुरुस्त करायला आलोय ते पाच मिनिटांत डोळ्यांना दिसतं.

घडतं ते असं. सुक्या ढेकळातल्या बारीक पोकळ्यांत हवा असते. पाणी चहूबाजूंनी आत शिरलं की ती मध्येच कोंडली जाते, तिचा दाब वाढतो आणि ढेकूळ आतून फुटतं. ते टिकायचं तर कणांना धरून ठेवणारं काहीतरी हवं. ते काम बुरशीचे तंतू, केसासारखी मुळं आणि जिवाणूंनी सोडलेला चिकट पदार्थ करतात. थोडक्यात, दोरा आणि डिंक. नांगरटीनं दोरा तुटतो. माती खालीवर झाली की आतवर हवा खेळते, जिवाणूंची भूक वाढते आणि इतके दिवस ढेकळाच्या पोटात सुरक्षित असलेला डिंकही ते फस्त करतात. त्यात नवीन मुळं आणि पालापाचोळा नसेल तर भरपाई कुठून होणार? मग पावसाचा टपोरा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगानं अशा मातीवर आपटतो, सुटे झालेले कण पोकळ्यांची तोंडं बुजवतात, वर पापुद्रा धरतो आणि पुढचं पाणी मुरायचं सोडून वाहू लागतं. ‘इथे पाऊसच कमी पडतो’ ही तक्रार पुष्कळदा न मुरलेल्या पावसाची असते.

हे एकदा बघितलं की श्रमदानाला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बदलतो. ‘किती झाडं लावायची?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘इथे पाणी का मुरत नाही?’ हा पुढे येतो. मला हा बदल खड्ड्यांच्या संख्येपेक्षा मोलाचा वाटतो. एका रविवारी पन्नास जणांनी गाळलेला घाम एखादं यंत्र दुपारपर्यंत भरून काढेल. पण जमीन वाचायला शिकलेले पन्नास डोळे यंत्राला पुरवता येत नाहीत.

शिकलेला डोळा नसेल तर उत्साह नडतोसुद्धा. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे ओल्या जमिनीवर काम करणं. तारीख महिनाभर आधी ठरलेली असते, माणसं दुरून आलेली असतात, आणि आदल्या रात्री पाऊस झालेला असतो. अशा वेळी ‘आज कुदळ नको’ म्हणायला आयोजकाला धीर लागतो. पण पाण्यानं कण एकमेकांवरून सहज घसरतात, पायाखाली पोकळ्या चेपतात, आणि चेपण्याचा मोठा भाग पहिल्याच फेरीत उरकतो. ‘हळूच चालू’ म्हणून सुटका नाही. ती जागा सुकली की विटेसारखी होते.

थांबायचं किती? इथे आपल्या भाषेकडे एक अचूक शब्द तयार आहे: वापसा. जमिनीतलं जादा पाणी निथळून गेलेलं, मोठ्या पोकळ्यांत हवा परतलेली, बारीक पोकळ्यांत ओल टिकलेली, अशी ती अवस्था. हाताला ती अशी कळते: वितीभर खालची माती मुठीत घेऊन दाबा, गोळा होईल. तो अंगठ्यानं टोचला आणि भुसभुशीत फुटला तर वापसा आहे. टोचल्यावर नुसता खळगा पडला, तर घरी जा. चिकणमाती असेल तर ती तळहातांत वळून बारीक दोरी करून बघा. साधारण ३ मिलिमीटर जाडीपर्यंत दोरी न तुटता वळली, तर माती अजून कामाला ओली आहे. गंमत म्हणजे हीच दोरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट अ‍ॅटरबर्ग यांनी मोजमापात बसवली, आणि आज धरणांचे अन् रस्त्यांचे अभियंतेही माती तपासताना तीच वळतात. शेतकऱ्याचा तळहात आणि अभियंत्याची प्रयोगशाळा एकाच गोष्टीला हात लावतात, ते असं.

दुसरं साधन तीन काठ्यांचं. इंग्रजी ए अक्षरासारखा सांगाडा बांधायचा, टोकावरून दोरी सोडायची आणि दोरीला दगड. उतारावर एकाच उंचीचे बिंदू शोधायला, म्हणजे समपातळीची रेघ आखायला, एवढं पुरतं. त्यातली खरी मौज सांगाडा जुळवून घेण्यात आहे. सपाट जमीन शोधायची गरज नाही. दोन्ही पाय टेकतात तिथे खुंट्या मारा, दोरी आडव्या काठीला जिथे शिवते तिथे रेघ ओढा. आता सांगाडा फिरवून डाव्या पायाच्या खुंटीवर उजवा पाय ठेवा आणि पुन्हा रेघ ओढा. दोन रेघांच्या बरोबर मध्ये तिसरी ओढा. दोरी त्या तिसऱ्या रेघेवर आली की दोन्ही पाय समपातळीत. पाय कमीजास्त लांबीचे असले तरी चालतं, कारण होणारी चूक एकदा या बाजूला पडते आणि एकदा तेवढीच त्या बाजूला, म्हणून मध्यावर ती कटते. फळ्यावर समजावलेलं हे गणित संध्याकाळपर्यंत विसरायला होतं. वाऱ्यानं झुलणारा दगड बोटानं थांबवत स्वतः ओढलेली रेघ विसरत नाही.

उतारावरचं पाणी अडवून मुरवणारे चर याच रेघेवर खणतात. ही रेघ चुकली तर काय होतं, तेही त्याच माणसानं पुढच्या पावसात येऊन बघावं. चर एका ठिकाणी चार बोटं खाली उतरला, तर साऱ्या चराचं पाणी तिकडे धाव घेतं आणि बांध तिथेच फुटतो. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकेल अशा दगडाचं वजन तत्त्वतः ६४ पट होतं, आणि मग तो चर राहत नाही, ओघळ होतो. ज्यानं चर खणला त्याला पावसात बोलावत नाहीत, ही अशा उपक्रमांतली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. अर्धं शिक्षण तिथेच वाहून जातं.

घाई न करण्याचं शास्त्र बनवलं ते सिडनीतल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी. १९६० च्या दशकात बंदराकाठच्या रानात फिरताना त्यांना दिसलं, की एकदम साफसफाई केलेल्या जागी परकं तण दुप्पट जोमानं येतं. उलट त्या स्वतः जाता-येता हातानं थोडंथोडं तण उपटत, तिथे मूळची झाडं आपसूक परततात. त्यातून त्यांनी तीन नियम बांधले. सुरुवात सगळ्यात चांगल्या तुकड्यापासून करायची आणि तिथून वाईटाकडे सरकायचं. माती कमीत कमी हलवायची, उपटल्यावर पाचोळा पुन्हा पसरून ठेवायचा. आणि रान जेवढ्या वेगानं भरून येईल, तेवढ्याच वेगानं पुढे जायचं.

पहिला नियम ऐकताना उलटा वाटतो. जिथे जास्त बिघडलंय तिथे आधी हात घालावा, असंच कुणालाही वाटेल. पण चांगल्या तुकड्यात देशी झाडांचं बी, मुळं, सावली सगळं असतं. थोडं तण काढलं की रिकामी जागा तेच भरतात. तणानं व्यापलेल्या तुकड्यात मात्र रिकाम्या जागेवर पहिला हक्क तणाचाच. दुसऱ्या नियमामागे उजेड आहे. अनेक तणांचं बी मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतं आणि क्षणभर उजेड मिळाला तरी जागं होतं. एक खोल फावडं मारलं की त्याला ती वर्दी पोचते. पुढे या पद्धतीवर ऑस्ट्रेलियात रान सांभाळणारे असंख्य स्वयंसेवक गट उभे राहिले. त्यांच्या कामाचा फोटो काढला तर बिचारा अगदीच बेरंगी दिसतो: गुडघ्यावर बसलेली माणसं, हातात छोटी खुरपी.

डोळे उघडे ठेवून थांबण्याचा सगळ्यात मोठा लाभ झाला तो नायजर देशात. टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथे रोपं लावून लावून थकले होते; बहुतेक रोपं मरत होती. १९८३ मध्ये वाळूच्या रस्त्यावर टायरमधली हवा कमी करायला ते थांबले आणि शेजारचं एक झुडूप त्यांनी नीट बघितलं. ते झुडूप नव्हतंच. तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला आलेली ती फूट होती, खाली मुळं जिवंत होती. मग रोपं लावण्याऐवजी चार चांगल्या फांद्या राखायच्या, बाकीच्या छाटायच्या, एवढंच काम उरलं. एका शेतकऱ्याचं बघून दुसऱ्यानं केलं, आणि दोन दशकांत सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परतली. वृक्षारोपणाच्या मोहिमेला निघण्याआधी जुने बुंधे मोजावेत, हा शहाणपणा मी तिथून उचलला.

हातानं करून शिकल्यानं माणसं खरंच बदलतात का, याचं एक मोजमाप ब्रिटनमध्ये झालं. २०१८ मध्ये रॉथमस्टेड या जुन्या कृषी संशोधन संस्थेच्या उपक्रमात शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात छोटे खड्डे घेऊन गांडुळं मोजली. नुसती संख्या नाही, प्रकारही: पाचोळ्यात राहणारी, वरच्या मातीत वावरणारी आणि खोल उभी बिळं करणारी. ४२ टक्के शेतांत पहिल्या किंवा तिसऱ्या प्रकारची गांडुळं नव्हतीच किंवा क्वचितच होती, म्हणजे माती गरजेपेक्षा जास्त उकरली जात असण्याचा धोका होता. आणि भाग घेतलेल्यांपैकी ५७ टक्के जणांनी आपण मशागतीची पद्धत बदलणार असं सांगितलं. तेवढ्यासाठी लागलं काय, तर फावडं आणि तासभर वेळ.

स्वित्झर्लंडमध्ये २०२१ साली याहून मजेदार प्रकार झाला. हजारभर नागरिकांनी पांढऱ्या सुती चड्ड्या आपल्या बागेत नि शेतात पुरल्या. कापूस म्हणजे सेल्युलोज, मातीतल्या जिवांचं अन्नच. दोन महिन्यांत जिवंत मातीत चड्डीच्या चिंध्या होतात, कमरेचं इलॅस्टिक तेवढं हाती लागतं. बाहेर काढलेली चड्डी धडधाकट असेल, तर मालकानं काळजी करावी. जवळ लहान मुलं असतील तर एवढा एकच प्रयोग करा, मातीचं नाव पुन्हा काढावं लागणार नाही.

एक काम मात्र असं आहे की ते सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं: नोंद. एक खुंटी कायमची रोवायची, तिथूनच, त्याच दिशेला, दर वर्षी त्याच महिन्यात फोटो काढायचा, आणि एका वहीत पाणी मुरायला लागलेला वेळ लिहायचा. १५ सेंटिमीटर व्यासाचं पत्र्याचं कडं मातीत अर्धवट ठोकून त्यात ४५० मिलिलिटर पाणी ओतलं, तर २५ मिलिमीटर पाऊस पडल्यासारखं होतं. ते किती मिनिटांत मुरलं, तेवढं घड्याळ बघून लिहायचं. स्वयंसेवक येतात-जातात, खुंटी आणि वही तिथेच राहते. म्हणून ती वही कुणाकडे असेल हे पहिल्याच बैठकीत ठरवावं. नंतर कुणी घेत नाही.

चार्ल्स डार्विननं डिसेंबर १८४२ मध्ये आपल्या घराजवळच्या कुरणावर खडूचे तुकडे पसरले आणि तो थांबला. २९ वर्षांनी, नोव्हेंबर १८७१ अखेर, त्यानं तिथे चर खणून बघितला. खडूची पांढरी रेघ ७ इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर, खाली सापडली. वरची ती माती गांडुळांनी चिमूटचिमूट करून आणून टाकली होती.