कुमार कादंबरी छापायला देण्याआधी: नियमांचं पान आणि पानांची मांडणी

(अद्भुत कादंबरी लिहिणाऱ्या लेखक-ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार.

तिसरी ते सातवीतल्या मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्या आमच्याकडे आता सांगली-मिरजेतूनच नाही, तर तासगाव, विटा, इस्लामपूर, कराडकडूनही येतात. संपादन, मुद्रितशोधन, मांडणी, चित्रं आणि छपाई ही सगळी कामं आम्ही एकाच ठिकाणी करतो. या वयाच्या मुलांना मराठीत गोष्टींची छोटी पुस्तकं मिळतात. पण आठ दिवस पुरेल, दप्तरात लपवून शाळेत न्यावीशी वाटेल अशी मोठी कादंबरी शोधायला गेलं की पालकांची दमछाक होते. तुम्ही ती लिहिता आहात, म्हणून आम्ही हे काम मनापासून करतो.

दोन प्रश्न मात्र आम्हाला जवळजवळ प्रत्येक लेखक विचारतो. छपाईचा दर विचारला तर तुम्ही ‘नियमांचं पान’, म्हणजे कादंबरीतल्या जादूचे नियम लिहिलेला कागद, का मागता, हा पहिला. दुसरा प्रश्न पानं लावून झाल्यावर येतो: “अहो, एका वाक्याचाच तर बदल आहे, करून द्या ना.” या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, आणि ते नीट सांगता यावं म्हणून हे पत्रक.

एका वाक्याचा बदल

समजा, तुमच्या कादंबरीत एका मुलीला पाण्याशी बोलता येतं. तिसऱ्या प्रकरणात लिहिलंय की पाणी वाहतं असेल तरच बोलतं. अकराव्या प्रकरणात ती माठातल्या पाण्याशी बोलून सुटका करून घेते. लिहिताना हे लक्षात आलं नाही, मुद्रितशोधनातही निसटलं, कारण मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ बघतो. मग दुसरं प्रूफ (छपाईआधी तपासायला दिलेली प्रत) वाचताना घरातली पाचवीतली भाची विचारते, “माठातलं पाणी वाहतं कुठे?” लेखकाचा आम्हाला फोन येतो: तिसऱ्या प्रकरणातलं ते वाक्य काढा.

ते वाक्य काढलं की चौथ्या प्रकरणात विहिरीपाशी ती गप्प का राहिली, याला कारण उरत नाही. सातव्यात ओढा आटल्यावर ती रडते, त्या रडण्याला अर्थ उरत नाही. म्हणजे तिथे नवे परिच्छेद आले. डेमी आकाराच्या पुस्तकात 18 बाय 23 इंची कागदाच्या दोन्ही बाजू मिळून 16 पानं छापली जातात, त्याला आम्ही फॉर्म म्हणतो. 128 पानांचं पुस्तक म्हणजे बरोबर आठ फॉर्म. तुमच्या नव्या परिच्छेदांनी मजकूर एका पानाने जरी वाढला, तरी नववा फॉर्म उघडावा लागतो, निदान अर्धा तरी. प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू करायचं ठरलेलं असेल तर एका प्रकरणाचं एक पान वाढल्यावर पुढची सगळी प्रकरणं सरकू शकतात. त्याच प्रकरणात पुढे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं चित्र मधोमध फाटल्यासारखं दोन वेगळ्या पानांवर जातं. ऑफसेटच्या (प्लेटांवरून एकदम जास्त प्रती छापण्याच्या पद्धतीच्या) प्लेटा निघाल्या असतील तर त्या टाकून द्याव्या लागतात. आणि चित्रकाराने ओढ्याकाठचा प्रसंग रंगवला असेल तर त्याच्या कष्टांचं काय?

शुद्धलेखनाची चूक, सुटलेला शब्द, चुकलेलं नाव हे बदल आम्ही दुसऱ्या प्रूफापर्यंत आनंदाने करतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. जादूचा नियम बदलला तर मात्र ते प्रूफ उरत नाही, ते पुनर्लेखन होतं. वेळ सर्वात जास्त इथेच जातो, तुमचाही आणि आमचाही. दिवाळीला पुस्तक हातात हवं असलेल्या लेखकाला संक्रांत उजाडते ती बहुतेक याच कारणाने.

नियमांचं पान म्हणजे काय

एक कागद. हाताने लिहिलेला चालतो. त्यात तुमच्या कादंबरीतली जादू, वरदान, शाप, यंत्र, जे काही अद्भुत असेल ते कोणाला करता येतं, कधी चालतं, कधी चालत नाही आणि वापरणाऱ्याला त्याची काय किंमत मोजावी लागते, एवढं लिहायचं. शेवटच्या दोन गोष्टी सर्वात महत्त्वाच्या, आणि बहुतेक पानांवर त्याच नसतात. “आर्यनकडे दिव्य अंगठी आहे, तिने काहीही करता येतं” असं लिहिलेलं पान आलं की आम्ही ते प्रेमाने परत देतो. काहीही करता येत असेल तर आर्यन पहिल्याच प्रकरणात घरी का गेला नाही?

दहा वर्षांच्या वाचकाचा हाच खरा प्रश्न असतो: मग हे त्याने आधीच का नाही केलं? मोठा वाचक असल्या ठिकाणी दुर्लक्ष करतो. मुलं करत नाहीत. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘भिंतीला लागला तर आउट’ असं ठरल्यावर मध्येच ते बदलणाऱ्याला मुलं जशी खेळू देत नाहीत, तशीच ती पुस्तकातही वागतात.

काही लेखकांचं म्हणणं असतं की नियम आला की अद्भुताची गंमत जाते, आणि छपाईवाल्यांनी लेखनात का शिरावं? याचा आम्ही आदरपूर्वक विचार केला आहे. नियम वाचकाला सांगायलाच हवा असं आम्ही म्हणत नाही. शेवटच्या पानापर्यंत झाकून ठेवा. तो तुम्हाला माहीत हवा. आपल्याकडच्या जुन्या गोष्टी याच बळावर टिकल्या आहेत. राजाने मौन मोडलं की वेताळ परत झाडावर. एवढ्या एका नियमावर पंचवीस गोष्टी उभ्या आहेत, आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक वेळी तो बोलणार की नाही याची धाकधूक असते. राक्षसाचा प्राण पोपटात आहे हे कळल्यावरच तर गोष्टीला वेग येतो.

नियम कुठून आणावेत

इथे आमचं एक आग्रहाचं मत आहे. अनेक हस्तलिखितांत बर्फाचे किल्ले, ओकची झाडं आणि घुबडं असतात. ती लिहायला आमची हरकत नाही, पण त्या जगाचे नियमही उसने येतात आणि म्हणूनच मध्येच विसरले जातात. आपल्या भागातली जागा घेतली तर नियम तिच्यासोबतच येतो.

हरिपूरची हळदीची पेवं घ्या. कृष्णा-वारणेच्या संगमापाशी जमिनीत खणलेले हे मोठे खड्डे: तोंड अरुंद, पोट रुंद, आत हळद भरून तोंड बंद केलेलं. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नाही, कारण बंद पेवात प्राणवायू उरलेला नसतो. आधी तोंड उघडं ठेवून हवा खेळू द्यावी लागते. आता बघा, ‘पेवात बोललेला शब्द टिकून राहतो’ अशी एक कल्पना तुम्ही केलीत, तर ‘पण तो ऐकायला लगेच उतरता येत नाही’ हा नियम, थांबण्याची किंमत आणि जिवाची भीती हे सगळं आयतं मिळालं. शत्रू मागे लागलाय आणि पेव अजून उतरण्याजोगं नाही! 2005 च्या महापुरात या पेवांचं मोठं नुकसान झालं. म्हणजे ते शब्द वाहून गेले का, गेले तर कुठे, हा दुसरा भागही तुमच्याजवळ आहे. (बंद पेवात, विहिरीत, टाकीत मुलांनी एकटं उतरू नये, हे कथेतल्या मोठ्या माणसाच्या तोंडून जरूर येऊ द्या. वाचक लहान आहेत.)

मिरजेच्या सतारीचा भोपळा पंढरपूरकडच्या शेतांतून येतो आणि नीट वाळल्याशिवाय त्याचं वाद्य होत नाही. बत्तीस शिराळ्याचं नागपंचमीशी जुनं नातं आहे. कासच्या पठारावर काही कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. सात वर्षांनी एकदाच उघडणारं दार यापेक्षा अधिक काय मागावं? ही कारवी चौथीत असताना फुललेली बघितलेली मुलगी पुढची बघेल तेव्हा अकरावीत असेल. एवढ्या एका हिशोबात कादंबरीचा सगळा ताण आहे.

सातारकर लेखकांनी भिलारला एक दिवस जरूर काढावा. 2017 मध्ये ते पुस्तकांचं गाव झालं, घराघरांत पुस्तकं वाचायला ठेवलेली आहेत. सुट्टीत मुलं कोणतं पुस्तक उचलतात, किती पानांवर खाली ठेवतात, हे तिथे शांतपणे बघता येतं.

शनिवारची बैठक

आमच्या कार्यालयात महिन्याच्या एका शनिवारी दुपारी लेखकांची बैठक असते. कादंबरी आमच्याकडे छापायला दिलेल्यांना ती मोफत आहे, न दिलेल्यांनी पहिल्यांदा येऊन बघावं. पूर्वी लेखक येऊन कल्पना कशी सुचली, किती वर्षं मनात होती, नकाशा कसा काढला हे सांगायचे. ते ऐकायला छान वाटतं, पण पुस्तकाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. आता पद्धत वेगळी आहे. लेखकाने जादू प्रत्यक्ष वापरली जाते असं एकच प्रकरण मोठ्याने वाचायचं, आधी काहीही समजावून न सांगता. मग ऐकणाऱ्यांनी एकेका ओळीत लिहून द्यायचं: या जादूने काय करता येणार नाही? तिघांची उत्तरं तीन तऱ्हेची आली तर नियम लेखकाच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. उत्तरं जुळली तर पानं लावायला घ्यायला हरकत नाही.

पालकांसोबत पाचवी-सहावीची मुलंही येतात. त्यांना मत विचारू नका, “आवडलं का?” म्हटलं की ती “हो” म्हणतात. पुढे काय होईल ते विचारा. मुलांनी सांगितलेला पुढचा भाग तुमच्या नियमाच्या बाहेर गेला, तर नेमकं कुठलं वाक्य ढिलं आहे ते लगेच सापडतं. या बैठकीतून गेलेल्या हस्तलिखितांना दुसऱ्या प्रूफानंतर मोठे बदल क्वचितच लागतात. म्हणून अशा पुस्तकांच्या मांडणीला आम्ही कमी दर लावतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात

मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला द्या. जुन्या फॉन्टमधली फाइल असेल तर आम्ही बदलून घेतो, पण त्यात रफार आणि जोडाक्षरं इकडची तिकडे होतात, तेव्हा एक प्रूफ जास्त धरा. कल्पित नावांची यादी वेगळी जोडा. ‘धूम्रकेश’ पुढे जाऊन ‘धुम्रकेश’ झाला की तो मुलांना दुसरा राक्षस वाटतो.

लांबी वीस ते तीस हजार शब्द असावी असं आम्ही सुचवतो. 14 पॉइंटचं अक्षर आणि ओळींमध्ये मोकळी जागा ठेवली तर डेमी पानावर साधारण सव्वादोनशे शब्द बसतात; 25 हजार शब्द, डझनभर पानभर चित्रं आणि सुरुवातीची पानं मिळून 128 पानांत पुस्तक होतं. कागद वाचवायला अक्षर बारीक करू नका. बांधणीला नुसत्या गोंदापेक्षा शिलाई घ्या. मुलं पुस्तक पालथं घालून ठेवतात आणि गोंदाच्या बांधणीची पानं सुटतात. थोडा खर्च वाढतो, पण वर्गात वीस हातांतून गेलेलं पुस्तक शाबूत राहतं.

चित्रं नियमांचं पान पक्कं झाल्यावरच काढून घ्या. तयार असतील तर 300 डीपीआयची मूळ फाइल द्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दबतं आणि छपाईत धूसर येतं. एआय ॲपकडून करून घेतलेल्या चित्रांत नायिकेची वेणी कधीकधी पानागणिक बदलते, आणि मुलांच्या ते लगेच लक्षात येतं. आमच्याकडे रेखाटनं करणारे स्थानिक चित्रकार आहेत, नमुने कार्यालयात बघायला मिळतील.

आयएसबीएनसाठी (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी) भारतात शुल्क नाही. अर्ज ऑनलाइन करायचा असतो, कागदपत्रं दिल्यास आम्ही भरून देतो. या क्रमांकासाठी कोणी पैसे मागितले तर ते अर्ज भरण्याच्या कामाचे आहेत हे समजून द्या. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी ठरावीक ग्रंथालयांना पाठवावी लागते. स्वतः प्रकाशक होणाऱ्यांनी त्या प्रती आधीच बाजूला काढाव्यात.

पहिल्यांदा हजार प्रतींचा हट्ट धरू नका. शंभर-दीडशे प्रती डिजिटलवर (प्लेटा न काढता थेट फाइलवरून छापून) काढा, शाळांत आणि वाचनालयांत फिरवा, मुलांच्या शंका गोळा करा आणि मग ऑफसेटला या. प्रत्येक प्रत थोडी महाग पडते, पण पेटाऱ्यात पडून राहणाऱ्या आठशे प्रतींपेक्षा ती स्वस्त.

दर विचारायला येताना तीन गोष्टी आणा: हस्तलिखिताची छापील प्रत, नावांची यादी आणि नियमांचं पान. पान अजून लिहिलेलं नसेल तरी या. चहा घेत समोर बसून आपण ते लिहू, त्याचे पैसे नाहीत. फक्त फाइल मेलवर पाठवून “उद्यापर्यंत आकडा सांगा” असं म्हणू नका. आम्ही आकडा पुस्तक वाचल्यावर सांगतो, आणि वाचायला आठवडाभर लागतो.