कार्यस्थळातील एकाकीपणा

नोकरीच्या किंवा मजुरीच्या ठिकाणी भोवती माणसे असूनही ‘आपले कोणी नाही’ अशी जी उणीव जाणवते, तिला ही संज्ञा लावतात. एकट्याने काम करणे आणि एकाकी असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. पहिली बाहेरून दिसते, दुसरी सांगितल्याशिवाय कळत नाही. बोलीत ‘एकाकीपणा’ हा शब्द क्वचितच येतो; मराठवाड्यात बदलीवर आलेला माणूस ‘करमत नाही’ किंवा ‘करमंना’ म्हणतो. या क्रियापदाचे ‘रमणे’शी अर्थसाम्य असले, तरी ते ‘क्रमणे’ (काळ सरणे) यावरून आले असावे, हे अधिक सयुक्तिक वाटते. ‘करमणूक’ त्याच कुळातली. तसे असल्यास मूळ तक्रार माणसे नसल्याची नव्हे, वेळ सरत नसल्याची ठरते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये जिव्हाळ्याच्या माणसाचा अभाव (भावनिक) आणि समूहाचा अभाव (सामाजिक) असे एकाकीपणाचे दोन प्रकार मानले. १९७८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेलिस शाखेत मापनासाठी २० विधानांची श्रेणी तयार झाली. ती एकूण जीवनाबद्दल विचारते. कामापुरती १६ विधानांची वेगळी श्रेणी सारा राइट व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एक व्यक्ती एकाकीपणाने ग्रासलेली आहे. हा आकडा केवळ कामाच्या ठिकाणांचा नाही.

सोबतीमुळे काम सुधारते या विचाराचा उगम बहुधा हॉथॉर्न प्रयोगांत शोधला जातो. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात ते १९२४ ते १९३२ या काळात झाले. सुरुवात उजेड आणि उत्पादन यांच्या संबंधापासून होती. १९२७ पासून रिले (टेलिफोन यंत्रणेतील विद्युत-स्विच) जोडणाऱ्या मोजक्या कामगार स्त्रियांना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांतीच्या वेळा बदलून पाहिल्या. उत्पादन वाढत गेले. या प्रयोगांचा अर्थ लावणारे हार्वर्डचे प्राध्यापक एल्टन मेयो यांनी त्याचे श्रेय गटातील आपुलकीला व मिळालेल्या लक्षाला दिले. मात्र त्याच खोलीत वेतनाची पद्धतही बदलली होती: कमाई मोठ्या विभागाऐवजी या लहान गटाच्या उत्पादनाशी जोडली गेली. शिवाय जानेवारी १९२८ मध्ये फार बोलतात व ऐकत नाहीत म्हणून दोघींना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या गेल्या. सोबतीचा दाखला म्हणून सांगितल्या जाणाऱ्या प्रयोगात बडबडीची ही शिक्षा सहसा सांगितली जात नाही. अ‍ॅलेक्स केरी (१९६७) यांनी पैसा व देखरेख यांवर बोट ठेवले. फ्रँके व कौल (१९७८) यांच्या संख्याशास्त्रीय फेरतपासणीतही शिस्तीचा वाटा मोठा निघाला. मेयो यांचे स्पष्टीकरण पूर्णपणे टाकून देण्याजोगे नाही, पण ते एकटे पुरत नाही.

मराठवाड्यात या विषयावरील लेखन तुटपुंजे आहे. खालील नोंदी प्रामुख्याने प्रचलित व्यवहारावरून केल्या आहेत. १९८० च्या दशकात वाळूज औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि खेड्यांतली तरुण मुले पाळीच्या कामावर आली. खोली तिघा-चौघांत, पण पाळ्या वेगवेगळ्या. एक झोपतो तेव्हा दुसरा निघतो. ‘गाव कोणतं?’ हा नव्या माणसाला पहिला प्रश्न, आणि डबा खायची टोळकी बऱ्याचदा त्याच्या उत्तरावरून ठरतात. गावापाठोपाठ आडनावही विचारले जाते, तेव्हा हीच सोबत कोणाला बाहेरही ठेवते.

शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांच्याबाबतीत मुख्यालयी (नेमणुकीच्या गावी) राहण्याचा नियम आणि ‘अपडाउन’ (रोजची ये-जा) यांची ओढाताण जुनी आहे. द्विशिक्षकी शाळेत एक जण रजेवर गेला की दुसऱ्याला दिवसभर मोठ्या माणसाशी बोलायला मिळत नाही. त्यामुळे परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर मार्गावरच्या रेल्वे डब्यात किंवा वाटून घेतलेल्या जीपमध्ये जमणारा अपडाउनवाल्यांचा गट हाच कित्येकांचा खरा सहकारी वर्ग ठरतो. अपडाउनकडे केवळ नियमभंग म्हणून पाहताना ही बाजू सुटते.

लातूर व धाराशिव भागात मार्गशीर्ष अमावास्येच्या येळवशीला (वेळ अमावास्या) सहकाऱ्यांना शेतावर बोलावण्याची रीत आहे. त्या दिवशी स्थानिक सुट्टी देण्याचा प्रघात असून कडब्याच्या कोपीत (खोपटात) पांडवांची पूजा झाल्यावर भज्जी, उंडे, आंबील असे जेवण होते. नाव कन्नडातील ‘एळ्ळु’ (तीळ) यावरून की ‘एळु’ (सात) यावरून, याबद्दल एकमत नाही. शेजारच्या कर्नाटकात हीच अमावास्या ‘एळ्ळु’च्या नावाने पाळतात, हे पाहता तिळाकडे कल झुकतो. बाहेरगावचा अधिकारी आणि शिपाई एकाच पंगतीला बसण्याचा प्रसंग कार्यालयात एरवी फारसा येत नाही. थंडीतला हुरडाही असाच निमित्ताला येतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोडीत स्थिती उलटी दिसते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, अनेक कोयत्यांची टोळी, वर मुकादम. उचल (आगाऊ रक्कम) घेतली की हंगामभर सगळे एकाच तळावर. तिथे एकांतच मिळत नाही. एकाकीपणा गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या व शाळकरी मुलांच्या वाट्याला येतो. आशा कार्यकर्ती आपल्याच गावात, पण कामात एकटी असते. प्राथमिक आरोग्य केंद्रातली बैठक ही तिला बरोबरीच्या बायका भेटण्याची ठरलेली जागा. एसटीच्या मुक्कामी गाडीचे चालक-वाहक खेड्यात रात्र काढतात. त्यांची सोबत नेमणुकीबरोबर बदलते.