स्लीव्ह की बायपास? फोन करण्याआधी हे वाचा, आणि येताना ऑपरेशनचा कागद आणा

गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या आहार केंद्रात फोन वाजला की बहुतेक वेळा वजन उतरवण्याच्या ऑपरेशनबद्दल एकच प्रश्न असतो: "मॅडम, स्लीव्ह बरी की बायपास?" विचारणाऱ्याने सर्जन गाठलेला असतो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) काढलेला असतो, नात्यातल्या कुणाचे तरी तीस किलो उतरलेले डोळ्यांनी पाहिलेले असतात. उत्तर मात्र एका वाक्यात हवे असते. फोनवर आम्ही ते देत नाही आणि काही जण रागावतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. ज्यांचे ऑपरेशन होऊन गेले आहे त्यांनी तर ते नक्कीच वाचावे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आम्ही ऑपरेशन करत नाही आणि कुठल्याही सर्जनकडे पाठवण्याचे पैसे घेत नाही. कोणते ऑपरेशन करायचे ते तुम्ही आणि सर्जनने मिळून ठरवायचे. आमचे काम त्याच्या आगेमागे असते: तुमचे जेवण, गोळ्यांचे वेळापत्रक, दरवर्षीचे रक्ताचे रिपोर्ट वाचणे, आणि पहिल्या दोन महिन्यांचा डबा. हे करताना दिसते ते असे, की लोक किती किलो उतरतील एवढेच विचारून ऑपरेशन निवडतात. त्या ऑपरेशननंतर जन्मभर जे पाळावे लागते ते आपल्याला झेपेल का, हे कुणी विचारत नाही. निवड खरी तिथे होते.

ऑपरेशनमध्ये नेमके काय होते

स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. आतड्याला हात लावत नाहीत. भूक जागवणारे घ्रेलिन हार्मोन मुख्यतः त्या कापलेल्या भागातच तयार होते, म्हणून सुरुवातीचे कित्येक महिने भुकेची आठवणही होत नाही. कापलेला भाग पुन्हा जोडता येत नाही. अरुंद नळीत दाब वाढतो, त्यामुळे ज्यांना आधीपासून घशाशी आंबट येते, रात्री दोन उशा घेऊन झोपावे लागते, त्यांचा त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो. ही गोष्ट लोक सर्जनला सांगतच नाहीत. "पित्त काय, आमच्या घरात सगळ्यांनाच आहे," म्हणतात. तरीही सांगा, आणि ऑपरेशनआधीची दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) टाळू नका.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची छोटी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडे खालून वर आणून तिला जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते, पण अन्न तिकडून जात नाही. जळजळीचा जुना त्रास असलेल्यांना आणि मधुमेह हाताबाहेर गेलेल्यांना सर्जन बहुधा याच बाजूला वळवतात. याची किंमतही आहे. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या ज्या पहिल्या भागात शोषले जाते, तोच भाग अन्नाच्या वाटेवरून बाजूला पडतो. शिवाय गोड एकदम खाल्ले की अन्न भसकन आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब सुरू होतात. याला डंपिंग म्हणतात. चतुर्थीला पहिली नेवरी (करंजी) खाऊन अर्ध्या तासात आडवे झालेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत.

मिनी बायपासमध्ये जोडणी एकच असते, पण आतड्याचा बराच लांब भाग वळसा घालून सोडला जातो. वजन चांगले उतरते. मात्र प्रथिने आणि जीवनसत्त्वे कमी पडण्याची भीती जास्त, आणि काहींना पित्तरस वर येण्याचा त्रास होतो. पक्के शाकाहारी असाल आणि डाळीची आवड नसेल, तर हे सर्जनसमोर उघड बोला.

जठरात फुगवून ठेवतात तो फुगा म्हणजे बलून, हे ऑपरेशन नव्हे. तो साधारण सहा महिन्यांनी काढतात आणि सवयी तशाच राहिल्या तर वजन परत येते. जठराभोवती आवळायचा पट्टा म्हणजे बँड आता क्वचितच कुणी बसवतो.

किलोंचेच विचाराल, तर फिनलंडमध्ये २४० जणांवर दहा वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांनी स्लीव्हवाल्यांच्या जादा वजनापैकी सुमारे ४४ टक्के आणि बायपासवाल्यांच्या सुमारे ५१ टक्के वजन उतरलेले होते. आंबट वर येऊन होणारी अन्ननलिकेची सूज मात्र स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्क्यांना आणि बायपासवाल्यांपैकी ७ टक्क्यांना आढळली. वजनातला फरक आहे, पण घरोघरी चर्चा होते तेवढा नाही. जळजळीतला फरक मोठा आहे आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही.

विम्याचेही थोडक्यात सांगते, कारण इथे अनेकांची फसगत होते. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार आशियाई लोकांमध्ये बीएमआय २७.५ पासून ऑपरेशनचा विचार करता येतो. विमा नियामकाच्या ठरावीक अटींमध्ये मात्र बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त लागतो, किंवा ३५ आणि सोबत गंभीर हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह लागतो. डॉक्टर हो म्हणाले म्हणजे विमा कंपनीही हो म्हणेल असे नाही. तारीख घेण्याआधी लेखी मंजुरी मागा.

ज्या एका चुकीने सगळे मागे जाते

मागच्या पावसाळ्यात एक बाई आल्या. बायपास होऊन तीन वर्षे झालेली, वजन एकोणतीस किलो उतरलेले, चेहऱ्यावर समाधान. तक्रार एवढीच, की केस गळतात आणि थकवा येतो, तर "जेवणात काय वाढवू?" केंद्राची पायरी चढताना त्यांची एक चप्पल मागे राहिली आणि त्या तशाच आत येऊन खुर्चीवर बसल्या. चप्पल पायातून निसटल्याचे त्यांना कळलेच नव्हते. मी ती उचलून आणून दिली तेव्हा त्यांनी खाली पाहिले.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांबद्दल विचारले. पहिले वर्षभर नेमाने घेतल्या, रिपोर्ट चांगला आला, मग बंद केल्या. "चांगला आला म्हणून बंद केल्या," हेच त्यांचे शब्द. त्या दिवशी मी त्यांना जेवणाचा तक्ता दिला नाही, डॉक्टरांकडे पाठवले. नसांना लागणारे बी-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेले निघाले. इंजेक्शने सुरू झाली. हातांच्या मुंग्या काही महिन्यांत गेल्या, तळपायांची जाणीव अजून पूर्ण परत आलेली नाही.

असे का होते ते नीट समजून घ्या. यकृतात बी-१२ चा साठा असतो आणि तो दोन-तीन वर्षेही पुरू शकतो. गोळ्या बंद केल्या तरी शरीर साठ्यावर चालते, माणसाला काही जाणवत नाही आणि त्याला वाटते की गोळ्यांची गरजच नव्हती. साठा संपतो तेव्हा ऑपरेशन विस्मरणात गेलेले असते. मग मुंग्यांसाठी एक डॉक्टर, केसांसाठी दुसरा, थकव्यासाठी तिसरा, आणि ऑपरेशन झाल्याचे यातल्या एकालाही सांगितलेले नसते. वर्ष असेच निघून जाते. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यातली केसगळ बहुतेकांना होते आणि आपोआप थांबते, त्यासाठी घाबरून धावू नका. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी केस गळू लागले तर लोह, झिंक आणि प्रथिने तपासलीच पाहिजेत.

स्लीव्ह झाली आहे म्हणून सुटलो, असेही समजू नका. बी-१२ शोषण्यासाठी लागणारे आम्ल आणि घटक जठरातच तयार होतात, आणि तुमचे बहुतेक जठर गेलेले आहे.

दुसरी गंमत गोळ्यांच्या वेळेची. गोळ्यांची पिशवी घेऊन या म्हटले की ग्राहक आणतात, आणि बहुतेक पिशव्यांतली कहाणी एकच निघते: लोह, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, सगळ्या गोळ्या सकाळी सातला चहाच्या घोटाबरोबर. घेणारा प्रामाणिक असतो, पण कॅल्शियम लोहाला अडवते, चहाही अडवतो, आणि रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन खालीच राहते. लोह आणि कॅल्शियम यांत निदान दोन तासांचे अंतर ठेवा. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागते, पण एका वेळी ५०० ते ६०० च्या वर शोषले जात नाही, म्हणून ते दोन-तीनदा विभागून घ्यायचे. सायट्रेट प्रकारातले घ्या, कारण त्याला पचायला जठरातले आम्ल लागत नाही. तुमच्यासाठी नेमका डोस डॉक्टर रिपोर्ट पाहून ठरवतील.

पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात रक्त तपासायचे, नंतर दरवर्षी, जन्मभर. ताजा रिपोर्ट आणि ऑपरेशन नोट (कोणते ऑपरेशन केले ते लिहिलेला रुग्णालयाचा कागद) पाहिल्याशिवाय आम्ही तक्ता देत नाही, ते यासाठीच. "पोटाचे ऑपरेशन झाले, दुर्बिणीतून," एवढ्यावर स्लीव्ह, बायपास आणि मिनी बायपास यांतला फरक आम्हाला कळत नाही, आणि तिन्हींचा तक्ता वेगळा असतो. डिस्चार्ज कार्ड हरवले असेल तर त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाकडे अर्ज करून प्रत मागवा. सांगे-वाळपईहून दोन बस बदलून आलेल्या माणसाला कागदासाठी परत पाठवताना आम्हालाही वाईट वाटते, म्हणून हे ठळकपणे छापले आहे.

आपल्याकडचे जेवण

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम. एवढ्याशा पोटात हे बसवायचे तर घास आधी मासा, अंडे, पनीर किंवा उसळीचा घ्यायचा आणि शीत (भात) शेवटी. गोव्यात आपण नेमके उलटे जेवतो: शिताचा डोंगर, त्यावर हुमण (माशाची आमटी), आणि बांगडा शेवटी चवीला. ऑपरेशननंतर शीत आधी घेतले तर दोन घासांतच पोट भरते आणि बांगडा ताटात राहतो.

पेज बऱ्याच घरांत आजाऱ्याचे औषध मानतात. पहिल्या दिवसांत गाळलेली पेज चालते, पण तिच्यात प्रथिने जवळजवळ नसतात. महिनाभर पेजेवर राहिलेले ग्राहक अशक्त होऊन येतात. पावाचे आणि उंड्याचे (गोल पावाचे) सांगायलाच हवे: चावून त्याचा पिठाचा गोळा होतो आणि तो पिशवीच्या तोंडाशी अडकतो. निदान पहिले काही महिने पाव नको. जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्धा तास थांबा. सोलकढीही पाण्यातच मोजा.

वर्षातले दोन काळ कठीण जातात. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, ताजा मासा कमी येतो आणि महाग होतो. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, सुके मासे असतात, पण खारट असल्याने ते खाऊन खाऊन किती खाणार? पाठोपाठ श्रावण येतो. या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडच्या नोंदींत प्रथिनांचा आकडा घसरलेला दिसतो. अळसांद्याचे (चवळीचे) तोणाक, मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची भाजी), ताक नव्हे तर घट्ट दही, पनीर, सोयाबीन यांची तयारी मे महिन्यातच करून ठेवा.

दारूबद्दल स्पष्ट बोलते. बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर चढते, स्लीव्हनंतरही. पूर्वी दोन ग्लास हुर्राक (काजूच्या हंगामातली दारू) सहज पचवणाऱ्याला अर्ध्या ग्लासात तोल जातो, आणि अशा माणसाला स्कूटरवरून घरी जायचे असते. काही जण जेवणाची जागा दारूला देतात आणि व्यसन लागते. हंगाम आला की स्वतःहून आमच्याशी बोला, कुणी नावे ठेवणार नाही.

बायपास झालेल्यांनी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके मनाने घेऊ नयेत. जोडणीच्या जागी अल्सर होतो. सिगारेटनेही होतो. फार्मसीत ऑपरेशनचे नाव सांगूनच औषध मागा. वारंवार उलट्या होत असतील तर एक-दोन दिवसही थांबू नका, बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने संपून मेंदूला इजा होऊ शकते. तरुण मुलींनी १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. वजन उतरले की पाळी नियमित होते आणि दिवस अनपेक्षितपणे राहतात. बायपास झालेली असेल तर गरोदरपणात ग्लुकोज पाजून करायची साखरेची तपासणी करू देऊ नका, डॉक्टरांना दुसरा मार्ग सुचवायला सांगा.

साधारण दीड-दोन वर्षांनी वजन सर्वांत खाली असते, नंतर थोडे परत चढते. हे होणारच, त्याची लाज वाटून येणे बंद करू नका. दोन किलो वाढले असताना आलात तर महिन्याभरात मार्ग निघतो. वीस किलो वाढल्यावर आलात तर पुन्हा सर्जनच्या दारात उभे राहावे लागते.

आमच्याकडे काय मिळते

पहिल्या दोन महिन्यांचा डबा आम्ही रोज सकाळी करतो: पातळ, मग गाळून वाटलेला, मग मऊ. प्रत्येक वाटी १०० मिलीची, झाकणावर प्रथिनांचे ग्रॅम लिहिलेले. "एवढ्याशा वाटीला एवढे पैसे?" असे ऐकावे लागते. त्या वाटीतल्या बांगड्याचा प्रत्येक काटा हाताने काढलेला असतो, मूग दोनदा गाळलेले असतात, आणि उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी जात नाही. घरी करायला माणूस असेल तर पाककृतीचा कागद घ्या, त्याचे पैसे नाहीत.

वार्षिक नोंदणीत चार भेटी, रिपोर्टचे वाचन, गोळ्यांचा वेळतक्ता आणि तपासणीची तारीख आली की आमचा फोन, एवढे येते. ऑपरेशन ठरवण्याआधी एकदा येऊन बसायचे असेल तर त्या पहिल्या भेटीचे शुल्क नंतर नोंदणी केल्यास वळते करतो. शक्यतो जो घरात स्वयंपाक करतो त्यालाही आणा.

येताना चार गोष्टी: ऑपरेशन नोट किंवा डिस्चार्ज कार्ड, गेल्या तीन महिन्यांतला रक्ताचा रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट, आणि तीन दिवस काय खाल्ले ते लिहिलेला कागद. गुरुवारी केंद्र बंद असते.