बोव्हेचं अर्धं कॅथेड्रल

पॅरिसच्या उत्तरेला बोव्हे नावाचं गाव आहे. तिथल्या कॅथेड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, आत उभं राहून वर पाहिलं तर छत सुमारे ४८ मीटर उंच, म्हणजे पंधरा मजली इमारत आत मावेल. गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या शैलीतल्या, चर्चांत याहून उंच दगडी छत नाही. पण मागे वळलं की समोर सरळ भिंत! भाविकांनी बसायचा लांबलचक मंडप बांधलाच गेला नाही. त्याच्या जागी दहाव्या शतकातलं बुटकं जुनं चर्च अजून उभं आहे.

दगड दाब भरपूर सोसतो, ताण मात्र सोसत नाही. शिवाय कमानीचं छत नुसतं खाली वजन टाकत नाही, ते भिंतींना बाहेरही रेटतं. पत्त्यांचा तंबू करून बघा: पत्त्यांचे पाय बाहेर घसरतात, दोन्हीकडून बोटं लावली तरच टिकतात. गॉथिक गवंड्यांनी ही बोटं दगडात घडवली. भिंतीपासून सुटी, अधांतरी झेप घेणारी अर्धी कमान तो रेटा बाहेरच्या जाड खांबावर नेते. त्या खांबावरचा टोकदार कळस शोभेचा वाटतो, पण त्याच्या वजनाने रेटा खाली वळायला मदत होते. भिंतीवरचा भार असा हलका झाल्यावर तिथे रंगीत काचा बसवता आल्या.

बोव्हेत १२२५ साली काम सुरू झालं. हाव जरा जास्तच होती: खांब सडपातळ, त्यांच्यातलं अंतर मोठं. १२७२ मध्ये पूर्वेकडचा भाग झाला आणि १२८४ मध्ये त्याच्या छताचा काही भाग कोसळला. का, यावर अजून वाद आहे. अभियंते रॉबर्ट मार्क यांनी प्लास्टिकच्या प्रतिकृतीवर भार टाकून ती ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात पाहिली. कुठे किती जोर येतो ते रंगीत पट्ट्यांतून दिसतं. त्यांचं बोट वाऱ्याकडे होतं. त्या काळच्या गवंड्यांनी मात्र दोन खांबांच्या मधे तिसरा उभा केला आणि काम पुढे रेटलं.

एवढ्यावर थांबावं की नाही? १५६९ मध्ये मधोमध १५३ मीटरचा मनोरा चढवला. तीन बाजूंना इमारतीचा आधार होता. पश्चिमेला मंडपच नसल्याने पोकळी. १५७३ मध्ये, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणादिवशी, मिरवणूक बाहेर पडली आणि मागोमाग मनोरा आत कोसळला.

बाहेरच्या आधारांना एकमेकांशी जखडणाऱ्या लोखंडी सळया विसाव्या शतकात कुणाला तरी कुरूप वाटल्या, म्हणून त्यातल्या काही काढल्या. वाऱ्यात ते आधार डुलू लागले. मग मुकाट्याने पोलादी सळया बसवाव्या लागल्या.